परदेशचे डोहाळे

श्रावणांतल्या एका दुपारीं आम्ही ओसरीवर बसून पावसाकडे पाहात होतों. भोरचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना तो सांगावयास नको, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना तो सांगून कळावयाचा नाहीं. वरंध घाटाकडून ढग येतात, नीरा गढूळ होऊन वाहूं लागते, आणि मग चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. अशा दिवसांत आमच्या घरीं दुपारचें जेवण ठरलेलें असे : मऊ भात, त्यावर मेतकूट, वर साजूक तुपाची धार, आणि पानाच्या डाव्या बाजूस लिंबाचें लोणचें. तें पान वाढणारी आमची पत्नी दोन वर्षांपूर्वीं निवर्तली. तेव्हांपासून पावसाळे येतात आणि जातात. मेतकूट भात झालेला नाहीं.

तोंच भ्रमणध्वनि वाजला. आमची कन्या जर्मनींत स्टुटगार्ट येथें असते. जांवई तेथें एका कारखान्यांत अभियंते आहेत. कन्येला चौथा महिना लागला होता, आणि पहिले तीन महिने ओकाऱ्यांनीं ती हैराण झाली होती. कुशलप्रश्न झाले, पावसाची चौकशी झाली, आणि मग अंमळ थांबून ती म्हणाली, “अण्णा, मला मऊ भात आणि आईचें मेतकूट खावेंसें वाटतें. दुसरें कांहीं घशाखालीं उतरत नाहीं. आईनें भरून दिलेली बरणी केव्हांच संपली. ती मेतकूट कसें करायची हो ?”

वाचकहो, आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरतें. पुढें पाठशाळेंत राहून संस्कृत शिकलों आणि तेंच तेहतीस वर्षें शिकविलें. झोपेंतून उठवून कोणत्याहि धातूचें कोणतेंहि रूप विचारलें तरी सांगूं, असा आम्हांला अभिमान होता. परंतु ज्या पदार्थावर सदतीस पावसाळे जेवलों तो कशाकशाचा होतो, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. “विचारून सांगतों,” असें म्हणून आम्हीं फोन ठेवला. आणि मग ध्यानांत आलें कीं, जिला विचारावयाचें ती तर आतां नाहीं.

मराठींतला ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतांतील ‘दोहद’ ह्या शब्दापासून आला. जुने पंडित त्याचा संबंध दोन हृदयांशीं जोडतात. सुश्रुताचार्यांनीं शारीरस्थानांत सांगितलें आहे कीं, चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें व तो इच्छा करूं लागतो. म्हणून दोन हृदयें धारण करणाऱ्या त्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणावें, आणि तिच्या इच्छेचा अवमान करूं नये. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणा राणीला मातीचे डोहाळे लागल्याचें वर्णन केलें आहे. दिलीप राजा तिच्या सख्यांना आदरानें विचारीत असतो कीं, हिला काय हवें आहे ? हा सर्ग आम्हीं कितीएक वर्षें वर्गांत शिकविला. समासविग्रह केला, अलंकार सांगितले. परंतु राजानें सख्यांना विचारलें ह्यांतली गोम आमच्या लक्षांत आली नव्हती. राजालाहि आपल्या घरची गोष्ट दुसऱ्याला विचारावी लागली होती.

परदेशीं राहणाऱ्या माणसाला मात्र हे डोहाळे बाराहि महिने लागतात, आणि ते पुरुषालाहि सुटत नाहींत. त्याचें एक हृदय जेथें तो उद्योग करतो तेथें असतें, आणि दुसरें जेथें तो जेवावयास शिकला तेथें. आज हजारों मराठी घरांतलीं मुलें समुद्रापलीकडे आहेत. तेव्हां हे डोहाळे कसे पुरवावे, ह्याचा विचार प्रत्येक घरानें करण्यासारखा आहे.

पूर्वींच्या लोकांनीं तो कसा केला तें पाहूं. गांधीजी १८८८ सालीं लंडनला गेले. मांस न खाण्याचें वचन त्यांनीं आईला दिलें होतें, त्यामुळें कित्येक दिवस ते अर्धपोटीं राहिले. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सांपडलें आणि विलायतेंत पाऊल ठेवल्यापासून प्रथमच ते पोटभर जेवले, ही हकीकत त्यांनीं आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे.

त्याच्याहि पांच वर्षें आधीं आपली एक अठरा वर्षांची मुलगी त्याहून दूर गेली होती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून बोटींत बसल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील व्याख्यानांत त्यांनीं सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जातें आणि हिंदु म्हणूनच परत येईन. हें वचन सभेंत देणें एक वेळ सोपें. तें दिवसांतून दोनदां पानावर पाळावयाचें होतें. न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं त्या राहिल्या. त्या घरानें त्यांना लेकीप्रमाणें वागविलें. तरी आनंदीबाई आपल्या हातानें रांधीत, आणि तेथल्या स्नेहीजनांनाहि त्यांनीं आपल्या पद्धतीचें जेवण करून घातलें. पुढें फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अभ्यास, थंडी आणि चूल हीं तिन्ही त्यांना एकटीनें सांभाळावीं लागलीं. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाईंनीं धर्म बदलला होता, परंतु शाकाहार सोडला नव्हता. म्हणजे धर्माच्या बाबतींत दोन दिशांना गेलेल्या ह्या दोन विदुषी पानावर मात्र एका पंक्तीच्या होत्या. आनंदीबाई क्षयानें खंगून स्वदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. बाविसावें वर्षहि पुरें झालेलें नव्हतें. त्यांचें चरित्र वाचतांना पूर्वीं आम्ही त्यांच्या विद्येकडे पाहून थक्क होत असूं. कन्येच्या त्या फोनानंतर तें पुन्हां काढून वाचलें, तेव्हां मात्र परक्या घरीं एकटीनें चूल पेटविणाऱ्या त्या मुलीपाशींच आम्ही अडून राहिलों.

दुसरें उदाहरण आमच्याच जुन्या मुलखाच्या शेजारचें आहे. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्यापूर्वीं घाटाखालचा सुधागड तालुका ह्याच संस्थानांत होता. त्या कुलाबा जिल्ह्यांत शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल लोक पिढ्यान् पिढ्या राहात आले. त्यांची मातृभाषा मराठी. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें आणि पुढच्या काळांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. त्यांच्यांत एलियाहू हानाबी ह्या प्रेषिताच्या नांवानें मलिदा करण्याची चाल आहे. भिजविलेले पोहे, खोबऱ्याचा कीस, साखर आणि फळें, असा तो प्रसाद. तेथें जन्मलेल्या कित्येक नातवंडांना मराठी धड बोलतां येत नाहीं. परंतु मंगल कार्याच्या वेळीं मलिद्याचें ताट सजतें. कोंकणांतून त्यांना कोणी डबे पाठवीत नाहीं. पोहे किती भिजवावे आणि नारळ किती घालावा, हें आजीच्या हातून नातीच्या हातीं गेलें, एवढ्यावर तो प्रसाद टिकला आहे. पुढील मजकूर वाचतांना वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

घरच्या अन्नाची इच्छा पुरविण्याचे परदेशस्थ माणसाला तीन मार्ग आहेत. पहिला उपाहारगृहाचा. लंडनमध्यें १९२६ सालीं वीरस्वामी नांवाचें हिंदी उपाहारगृह निघालें, आणि आतां तर युरोपांतल्या लहानसहान शहरांतहि हिंदी खाणावळी आहेत. तेथें तंदुरी रोटी मिळते, पनीर मिळतें, क्वचित् डोसाहि मिळतो. परंतु मऊ भात मिळत नाहीं. आजाऱ्याचें, बाळंतिणीचें आणि कंटाळलेल्या माणसाचें जेवण जगांत कोणी विकावयास ठेवीत नाहीं. ह्याच मार्गाची घरगुती शाखा म्हणजे आपलीं मंडळें. लंडनचें महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकर यांच्या पुढाकारानें १९३२ सालीं निघालें, आणि आज जेथें चार मराठी कुटुंबें तेथें गणपति आणि मोदक आहेत. तीं मंडळें हवींतच. पण त्यांचें पान सणाचें. आमच्या कन्येला हवें होतें तें वारीं-अवारीं, एकटीनें बसून खावयाचें पान.

दुसरा मार्ग डब्यांचा. आमच्या घरीं हा मार्ग नऊ वर्षें चालला. चैत्र लागला कीं आमच्या पत्नीचा स्वयंपाकघरांत जणूं कारखाना सुरू होई. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कारळ्याची चटणी, सांडगे, कुटाच्या मिरच्या. पिशव्या दुहेरी, त्यांवर कागद, त्यावर कापडाची शिवण. आणि पत्ता घालण्याचें काम आमचें, कारण आमचें अक्षर चांगलें. वर्षाकांठीं एवढेंच काम आमच्याकडे असे, आणि तें करून आम्हीं मोठा हातभार लावला, असें आम्ही समजत असूं. ह्या मार्गाला मर्यादा फार. युरोपीय संघाच्या नियमानें दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खाजगी पार्सलांतून तिकडे नेतां येत नाहींत. म्हणजे तूप नाहीं, पेढे नाहींत. एका वर्षीं एका पार्सलवाल्याकडे डबा दीड महिना अडकून पडला आणि लोणच्याचें तेल भाजणींत उतरलें. परंतु ह्या मार्गाचा खरा दोष वेगळाच आहे. डबा जोंवर येतो तोंवर कोणी कृति विचारीत नाहीं. आई पाठवीत आहे, मग शिकावयाचें कशाला ? आणि आईलाहि वाटतें कीं, तेवढ्यासाठीं तरी लेकीला आपली गरज आहे. ह्या दोन मायांच्या मध्यें विद्या तशीच राहून जाते. आमच्या घरीं तसेंच झालें.

तिसरा मार्ग शिकण्याचा. कन्येच्या फोनानंतर आम्हीं तोच धरला, कारण दुसरा उरला नव्हता.

आमच्यासारख्या माणसाचा पहिला आधार पुस्तक. मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें थोडीं नाहींत. ‘सूपशास्त्र’ १८७५ चें, लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० चें, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. वाटी-चमच्यांचीं मापें देणारी ‘रुचिरा’ कित्येक नववधूंच्या पेटींतून परदेशीं गेली. आमच्या फडताळांत पत्नीची प्रत होती. ती चाळली. ज्या पदार्थांचा तिला सराव नव्हता त्यांच्या पानांवर तुपाचे व हळदीचे डाग होते. मेतकुटाचें पान मात्र कोरें करकरीत. जें तिला उत्तम येत होतें त्यासाठीं तिनें पुस्तक कधीं उघडलेंच नव्हतें.

पुस्तक समोर ठेवून आम्हीं कढई चुलीवर चढविली. सांगावयास लाज वाटते, पण हिंग कोणत्या डब्यांत आहे हें शोधण्यांतच अर्धा तास गेला. सर्व जिन्नस एकदमच कढईंत घातले तर वेळ वांचेल, असें आम्हांला वाटलें. परिणामीं हरभऱ्याची डाळ कच्ची राहिली, आणि मेथी काळी होऊन तें सर्व पीठ काढ्यासारखें कडू झालें. शेजारच्या वहिनींनीं चाखून पाहिलें आणि “मास्तर, पोटाला चांगलें असेल,” एवढेंच म्हणाल्या.

त्याच वहिनींनीं वाट दाखविली. “तुमच्याकडे वेल्ह्याची तांदूळवाली मावशी येते ना ? वहिनींच्या बरोबर दळायला तीच तर बसत असे.” हें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें होतें आणि पाहिलें नव्हतें. भातकापणी झाली कीं राजगडाच्या पायथ्याकडील एक मावशी आंबेमोहोराचें पोतें घेऊन आमच्याकडे येत असे. आमच्या मातोश्रींच्या वेळीं सोंवळ्याच्या कल्पनेमुळें ती पडवीच्या आंत येत नसे. पुढें मातोश्री गेल्या. मावशीला मात्र पडवीची संवय पडली होती. तेव्हां आमच्या पत्नीनें जातेंच पडवींत नेऊन ठेवलें. दोघी समोरासमोर बसून दळीत, आणि आम्ही आंत बसून ‘शांतता राखा’ अशा अर्थानें खांकरत असूं.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस. टी.नें निघालों. कापूरहोळावरून महामार्गाला लागून चेलाडी फाट्यावर गाडी बदलली. २०२४ सालीं शासनानें वेल्हे तालुक्याला राजगड असें नांव देण्याचा निर्णय घेतला. पण उतारूंच्या तोंडीं अजून वेल्हेंच आहे. मार्गासनी गेली, विंझर आलें. डोंगर ढगांत बुडालेले. राजगड व तोरणा नुसते ठाऊक असावयाचे, दिसावयाचे नाहींत. दोन्ही बाजूंना लावणी झालेलीं भातखाचरें हिरवींगार होतीं. कडेला बसलेल्या एका शेतकऱ्याला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, सारी इंद्रायणी आहे. आंबेमोहोराचें पीक उंच वाढून आडवें होतें आणि उतारा कमी पडतो. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं आंबेमोहोर आणि आय-आर ८ ह्यांच्या संकरांतून इंद्रायणी जात काढली. ती शेतकऱ्याला परवडते, आणि भातहि मऊ होतो. तेव्हां सुगंधी आंबेमोहोर आतां हौसेपुरताच उरला आहे. जो वास आमच्या कन्येला स्टुटगार्टला आठवतो, तो मावळांतहि विरळ होत चालला आहे.

मावशी घरींच होती. साठी ओलांडलेली, गुडघ्यांनीं थकलेली. येण्याचें कारण ऐकून ती प्रथम हंसली आणि मग पदरानें डोळे पुसले. “पोरीला दिस गेलं नि वैनी न्हाईत,” एवढेंच बोलली. मग चुलीपुढें बसून तिनें पाठ सांगावयास सुरुवात केली आणि आम्ही वही उघडून लिहूं लागलों. आयुष्यांत इतकें मन लावून आम्हीं टिपण केलें नव्हतें.

“दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, पाव वाटी गहू. समदं येगयेगळं भाजायचं, मास्तर. डाळीला येळ लागतो, तांदळाला लागत न्हाई. तांदूळ जुना घ्यायचा, वैनी आमचाच आंबेमोहोर मागच्या सालचा राखून ठेवायच्या. धनं-जिरं दोन-दोन चमचं, मोहरी एक चमचा. हळद, सुंठ, हिंग, तिखट मागनं.”

“आणि मेथी ?”

“मेथी एक चमचा. पर ती जाळावर भाजायची न्हाई. समदं झालं, जाळ वढला, का मग त्या तापल्या कढईत टाकायची. नुसती फुगली पायजे. काळी झाली का मेतकूट गेलं.”

आमचें पीठ कडू कां झालें तें आतां कळलें. वाटी केवढी, असें विचारतांच ती म्हणाली, “तुमच्याच घरातली. पितळंची, एका अंगाला चेपलेली.” घरीं येऊन पाहातों तों ती वाटी आमच्याच मेजावर होती. पत्नीच्या पश्चात् तिच्यांत आम्ही टांचण्या ठेवीत होतों.

पुढच्या रविवारीं दुपारचे अडीच वाजतां, म्हणजे तिकडच्या सकाळच्या अकरांना, भोर आणि स्टुटगार्ट ह्या दोन ठिकाणीं कढया चढल्या. येथें एक अडचण निघाली. कन्येला मेतकूट हवें होतें, परंतु भाजण्याचा आणि हिंगाचा वास सोसवत नव्हता. तेव्हां ती खिडकी उघडून दुसऱ्या खोलींत बसली, आणि कढईपुढें उभे राहिले जांवई. ज्या विद्येचा सासरे-जांवयांपैकीं कोणालाहि गंध नव्हता, ती दोघांनीं फोनच्या पडद्यावरून एकमेकांना दाखवीत साधली. “अण्णा, हा रंग पुरे का ?” असें ते विचारीत, आणि आम्ही आपल्या कढईंतली डाळ पडद्यापुढें धरीत असूं. मेथीच्या वेळीं दोन्हीकडे आंच बंद झाली. मेथी फुगली, काळी झाली नाहीं. वर्गांतला कच्चा विद्यार्थी उत्तीर्ण झाल्यावर जो आनंद होतो तो त्या वेळीं झाला. फक्त ह्या खेपेस तो विद्यार्थी आम्ही होतों.

परदेशस्थ घरांच्या उपयोगासाठीं तिकडच्या सोयी येथें नमूद करतों. डाळी व मसाल्याचे जिन्नस आशियाई दुकानांतून मिळतात. जातें नसलें तरी कॉफी दळण्याचें लहान यंत्र मेतकुटाला पुरतें. मात्र भाजलेले जिन्नस पूर्ण निवल्यावरच दळावे, नाहींतर ओल धरून पीठ टिकत नाहीं. तूप पाठवितां येत नाहीं, परंतु बिनमिठाचें लोणी तेथें उत्तम मिळतें; तें मंद आंचेवर कढविलें कीं तूप घरचेंच. आंबेमोहोर मिळाला नाहीं तर जर्मन लोक दुधांत शिजवितात तो आखूड दाण्याचा तांदूळ घ्यावा; त्याला ते ‘मिल्खराईस’ म्हणतात. त्याला आंब्याच्या मोहोराचा वास नाहीं, पण तो मऊ होतो आणि चिकटून येतो. पाणी चौपट घालावें. त्यांच्याकडे ‘क्वार्क’ म्हणून दह्यासारखा पदार्थ असतो. तो फडक्यांत बांधून ठेवला कीं श्रीखंडाचा चक्का होतो. मेथीविषयीं कन्येनें तेथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलें : औषधासारखी भरपूर घेऊं नये, जेवणांतल्या चिमटीला हरकत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. असें विचारून घेणें बरें.

त्या दिवशीं कन्येनें मऊ भात कालवला. फोन समोर ठेवलेला होता. आम्ही पाहात होतों. पहिला घांस घेऊन ती गप्प राहिली. मग म्हणाली, “आईच्यासारखें नाहीं झालें, अण्णा.” आमच्या पोटांत धस्स झालें. ती आणखी दोन घांस जेवली, आणि जांवयांकडे वळून म्हणाली, “थोडा भात वाढ.” पुष्कळ दिवसांनीं तिनें दुसऱ्यांदा भात घेतला होता. फोन बंद करून आम्हीं आपलें पान वाढून घेतलें. आमचेंहि तिच्या आईच्यासारखें झालें नव्हतें. तरी तें पान आम्हीं पुसून घेतलें.

हा वृत्तान्त छापण्यांत आमचा एक हेतु आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा मातापित्यांना आमचें सांगणें कीं, डबे अवश्य पाठवा, परंतु डब्याबरोबर कृति पाठवा. आपल्या घरची वाटी केवढी हें मोजून लिहा, कारण ‘अंदाजानें’ हा शब्द आईबरोबर जातो. कृति लेकीलाच नव्हे, लेकालाहि शिकवा. कढईपुढें कोणाला उभें राहावें लागेल हें आधीं सांगतां येत नाहीं. आणि आमच्यासारख्या वृद्ध गृहस्थांना विशेष विनंति कीं, जी विद्या आपल्या पानांत रोज पडते तिची चौकशी वाढणारी असतांनाच करावी. तिच्याविषयीं तिलाच विचारलें असतें तर ती किती सुखावली असती, हा विचार आम्हांला आतां वरचेवर येतो.

आमच्या घरचा पदार्थ, आमच्या घरची चव, असें आपण म्हणतों. आमच्या घरची ही चव आमच्यापैकीं कोणालाहि ठाऊक नव्हती. ती राजगडाच्या पायथ्याशीं एका मावळी घरांत, जिला आम्हीं पडवीपुरतें ओळखलें तिच्यापाशीं, सुरक्षित होती. ह्याबद्दल तिचे आभार कसे मानावे हें आम्हांला अजून सुचलेलें नाहीं. निघतांना कांहीं द्यावयास गेलों, तेव्हां तिनें घेतलें नाहीं. उलट मागच्या सालच्या तांदळाची पुरचुंडी बरोबर दिली.

आतां कार्तिक चालला आहे. कन्येला सातवा महिना आहे. तेथल्या मराठी मैत्रिणींनीं गेल्या आठवड्यांत तिचें डोहाळजेवण केलें. प्रत्येकीनें एकेक पदार्थ करून नेला, आणि जांवयांनीं मेतकूट नेलें. त्या रात्रीं तिचा फोन आला. “अण्णा, आईचें लिंबाचें लोणचें कसें व्हायचें ? तिखटाचें नव्हे, तें गोड.”

आम्हीं सांगितलें, विचारून सांगतों. खोऱ्यांत भातकापणी सुरू आहे. ती आटोपून मावशीला उसंत मिळाली कीं आम्ही पुन्हां चेलाडीवरून वेल्ह्याची गाडी धरणार आहों. ह्या खेपेस वही मोठी घेतली आहे. टांचण्या दुसरीकडे काढल्या असून पितळेची वाटी घांसून स्वयंपाकघरांत ठेवली आहे. आणि मावशी तांदूळ घेऊन इकडे येईल तेव्हां तिचें पान पडवींत मांडावयाचें नाहीं, आमच्या पंक्तीला मांडावयाचें, असें ठरविलें आहे. भात मऊ होईल. मेतकूट कसें झालें तें तिनेंच सांगावें.